मात्रा की वेलांटी

नाताळच्या सुट्टीला पाच दिवस उरले होते आणि घरातली चारही माणसं स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती उभी राहून जॅमच्या एका डागाकडे बघत होती.

डाग चिऊच्या शाळेच्या डायरीत पडला होता. चिऊ दुसरीत, शाळा नवीन, अक्षर सुरेख. तिने फळ्यावरून उतरवून आणलेली सूचना अशी होती: 'शुक्रवारी नाव बनवून आणणे. मोठ… व रंगीत. पुठ्ठा किंवा लाकूड. दोरी लावणे.' सगळं स्वच्छ वाचता येत होतं, फक्त 'मोठ'च्या डोक्यावर आणि शेजारी जॅम बसला होता. त्या जॅमखाली मात्रा असेल तर 'मोठे नाव', म्हणजे ज्याने आपल्याला हाक मारतात ते. आणि वेलांटी असेल तर 'मोठी नाव', म्हणजे पाण्यावर चालते ती.

आजींनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि डाग नखाने हळूच खरवडला. डागाबरोबर कागदही निघाला आणि पुरावा कायमचा नाहीसा झाला.

"बाई काय म्हणाल्या ते आठव बरं," आई चिऊला म्हणाली.

"बाई म्हणाल्या, बोलू नका, लिहून घ्या."

"मग कोणीच विचारलं नाही, कसलं नाव, कसली नाव?"

"बोलू नका म्हणाल्या ना."

बाबा सुतार होते. लोकांच्या स्वयंपाकघरात कपाटं बसवायचा त्यांचा धंदा, आणि सुट्टीआधी पूर्ण करायची चार स्वयंपाकघरं त्यांच्या डोक्यावर होती. त्यांचं मत पडलं की ती मात्राच असणार. एक पट्टी कापू, तिच्यावर चिऊचं नाव रंगवू, पाच मिनिटांत मोकळे. आईला हे पटलं नाही. लाकडाचं नाव कोण करतं, असं तिने विचारलं. शिवाय शुक्रवारी चिऊचा वर्ग समुद्राचं गाणं म्हणणार होता. समुद्र आहे म्हटल्यावर होडी नको का?

"अगं, पण होडी हवी असती तर बाईंनी होडी लिहिलं नसतं?" बाबा म्हणाले.

"ज्या बाई डब्याला उपाहार म्हणतात आणि बुटांना पादत्राणे म्हणतात, त्या होडीला होडी कशाला म्हणतील?"

बाबांनी डायरी मिटून ठेवली. तसंही त्या घरात आईपुढे कोणाची मात्रा चालत नसे. त्या दिवशीही चालली नाही. वेलांटी एकमताने मंजूर झाली.

आईच्या या हट्टामागे एक सल होता. शाळा सुरू झाल्यापासून दोनदा चिऊ सगळ्या वर्गासमोर हात हलवत उभी राहिली होती. एकदा 'पांढरी पादत्राणे' ही सूचना वाचायचीच राहून गेली. दुसऱ्यांदा टाकाऊ वस्तूंतून काहीतरी बनवून न्यायचं होतं, ते आईच्या साफ डोक्यातून गेलं. बाईंनी विचारल्यावर चिऊने सांगितलं की आमच्या घरात टाकाऊ काही नसतंच. घराची लाज तिने राखली, पण घरी येऊन जेवली नाही. त्या दिवशी आईने मनाशी ठरवलं होतं की आपल्या कामाच्या धबडग्यापायी पोर आता तिसऱ्यांदा रिकाम्या हाताने उभी राहणार नाही. मग आकाश कोसळलं तरी बेहत्तर.

आणि हे मान्य करायला हवं की चुकीचा निर्णय इतक्या नेटकेपणाने क्वचितच अमलात आला असेल. आई एका मालवाहतूक कंपनीत बुकिंगच्या खिडकीवर होती. कुठली वस्तू, किती वजनाची, कुठून कुठे आणि कधी पोचणार, हे तिच्या डोक्यात आपोआप मांडलं जाई. जगातल्या प्रत्येक माणसाला आपलं पार्सल सुट्टीच्या आत पोचायला हवं असतं, त्यामुळे हा आठवडा तिच्या कचेरीत सर्वांत वाईट. तरी चहा गार व्हायच्या आत तिने एका जुन्या पावतीच्या मागे आखणी करून टाकली: मंगळवारी सांगाडा, बुधवारी शीड, गुरुवारी रंग, शुक्रवारी सकाळी दहाला रवानगी. शाळेच्या दाराची रुंदी तिने चौकीदाराला फोन करून विचारून घेतली. दार पाच फुटी होतं. होडी चार फुटी ठरली.

मंगळवारी दुपारी, मनाच्या समाधानासाठी, तिने शाळेत फोन लावला. बाई तालमीत होत्या. कारकुनाने सांगितलं की सगळं डायरीत सविस्तर लिहिलेलं आहे. तेव्हा तिने चिऊच्या वर्गातल्या जुळ्या मुलांच्या आईला फोन केला. मागे गोदामात पेट्या आदळत होत्या, समोर खिडकीत भिंतीवरचं घड्याळ पाठवायला आलेला एक माणूस ते घड्याळ दाखवूनच घाई करत होता, आणि पलीकडे जुळी मुलं एकमेकांच्या उरावर बसलेली ऐकू येत होती.

"तुमचं झालं का हो, शुक्रवारचं?" आईने विचारलं.

"झालं की. दोन-दोन करताना कंबरडं मोडलं."

"कशाचं केलंत?"

"पुठ्ठ्याचंच. वरून चमकी लावली."

"पुठ्ठा टिकेल?"

"न टिकायला काय झालं? दोन तासांचा तर कार्यक्रम."

"आणि पाण्याचं काय?"

"पाण्याची बाटली वेगळी द्यायचीय," जुळ्यांची आई म्हणाली आणि पलीकडे काहीतरी फुटल्याचा आवाज येऊन फोन बंद झाला.

आईची खात्री पटली. उलट पुठ्ठ्याची होडी करणाऱ्या त्या माऊलीची तिला जराशी कीवच आली.

संध्याकाळी बाबा प्लायवूडचे तुकडे घेऊन आले. बाबांच्या हाताला एक खोड होती: छोटं काही त्यांना जमतच नसे. कपाट म्हटलं की ते छतापर्यंत जायचं. त्यांनी बाल्कनीत बसून टोकदार नाकाची, फुगीर बाजूंची अशी काही होडी जोडली की आजी भाकरी करायची सोडून बघायला आल्या. होडी सुंदर होती, फक्त ती चिऊला जागची हलवता येत नव्हती. मग चाकं हवीत. घरात चाकं एकाच वस्तूला होती, ती म्हणजे प्रवासाची मोठी बॅग. शनिवारी सगळ्यांना आईच्या भावाकडे जायचं होतं आणि तीच बॅग न्यायची होती. पण शनिवार अजून चार दिवस लांब होता. बाबांनी चाकं काढली.

बुधवारी शीड. आजी आयुष्यभर शिवणकाम करत आलेल्या. शाळेच्या गाण्यासाठी आठ मुलांचे कोळ्यांचे पोशाख त्यांच्याकडे शिवायला आले होते, आणि त्या ढिगाऱ्यात पांढरं कापड वीतभरही उरलं नव्हतं. त्यांनी बाहेरच्या खोलीतल्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीला पांढरा पडदा होता. अर्ध्या तासाने तिथे पडदा नव्हता आणि होडीला शीड होतं, तेही दुहेरी शिलाईचं. आता समोरच्या इमारतीतली माणसं घरात सरळ बघू शकत होती. त्यांनी बघितलं, हात हलवला, आणि होडी झकास झाल्याची खूण केली.

त्याच संध्याकाळी बाबांना दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांच्या स्वयंपाकघराचं काम बाबांनी सकाळीच संपवलं होतं. सगळं छान आहे, असं त्या म्हणाल्या, फक्त भांडी घासायच्या जागेखालच्या कपाटाला उजवं दार नाही. बाबांनी फोन कानाला धरून बाल्कनीत पाहिलं. होडीच्या डाव्या कुशीला एक गोल भोक होतं. आदल्या दिवशी आईने त्या भोकाचं फार कौतुक केलं होतं. किती बारकाईने खिडकी ठेवलीत, असं म्हणाली होती. ते मुठीचं भोक होतं.

"दार रंगाला गेलंय," बाबा फोनवर म्हणाले. एका अर्थी ते खरंच होतं.

दुसरा कोणी असता तर त्याने कपाळावर हात मारून होडी उकलली असती. आईने घड्याळ पाहिलं. तिच्या कंपनीची एक गाडी सकाळी सातला प्लायवूडच्या वखारीवरून निघते आणि डॉक्टरीणबाईंच्या गल्लीवरून जाते, हे तिला पाठ होतं. तिने दोन फोन केले. गुरुवारी सकाळी बाबा डॉक्टरीणबाईंच्या दारात पोचले तेव्हा नवा प्लायवूड त्यांच्या आधी येऊन भिंतीला टेकून उभा होता. दुपारच्या आत दार बसलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की इतक्या लवकर रंगून आलेलं दार त्यांनी पाहिलेलं नाही.

गुरुवारी होडीला निळा रंग लागला. शेवटचा हात आपण आणि बाबा मारणार, आणि आईने अजिबात बघायचं नाही, असं चिऊने जाहीर केलं. आईला बघायला वेळ होता कुठे? शुक्रवारी दोन तास सुटायचं म्हणून ती तीन दिवस तासभर लवकर जाऊन काम उरकत होती. साहेबांनी रजेला नाही म्हणायचं ठरवलं होतं, पण तिच्या टेबलावर एकही कागद शिल्लक नाही हे पाहून त्यांनी अर्जावर सही केली. तिने घरी आल्यावर चादरीत गुंडाळलेल्या होडीवर बाहेरूनच दोर आवळला आणि 'नाजूक' अशी चिठ्ठी चिकटवली.

शुक्रवारी सकाळी कंपनीची छोटी गाडी दारात आली. आईने पैसे भरून रीतसर बुकिंग केलं होतं. फुकट काही न्यायचं नाही, हा तिचा नियम. चालक नवा होता आणि कागद भरल्याशिवाय मालाला हात लावायचा नाही, हे नुकतंच शिकला होता.

"ताई, मालाचं नाव?"

"नाव."

"हो, नाव काय?"

"नाव."

"ताई, मला इथं लिहायचंय, मालाचं नाव काय आहे म्हणून."

"लिहा ना. नाव. एक नग."

चालकाने तिच्याकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं, आणि 'किरकोळ सामान' असं लिहून मोकळा झाला.

शाळेत मुलांना पोशाख घालायला लवकर बोलावलं होतं, म्हणून चिऊ आधीच गेली होती. आई, बाबा आणि आजी होडी घेऊन पोचले तेव्हा अकराला दहा मिनिटं कमी होती. चौकीदाराने दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या. होडी न अडखळता सभागृहात आली, आणि आईने समोर पाहिलं.

चाळीस मुलं रांगेत बसली होती. प्रत्येकाच्या गळ्यात दोरी होती, दोरीला पुठ्ठा होता, आणि पुठ्ठ्यावर मोठ्या रंगीत अक्षरांत ज्याचं त्याचं नाव होतं. जुळ्यांची चमकी तर दारापासून दिसत होती.

"मात्रा," बाबा हळूच म्हणाले.

तेवढंच. याहून कितीतरी लहान गोष्टीत बरोबर ठरलेले नवरे त्या एका आठवणीवर म्हातारे होतात. या माणसाने एका शब्दावर भागवलं. त्याबद्दल त्यांना मानलंच पाहिजे.

आईची नजर चिऊला शोधत फिरली. रांगेच्या टोकाला चिऊ बसली होती, एकटी, गळा मोकळा. तिसऱ्यांदा. आणि या वेळी विसरल्यामुळे नाही, तर आईने छाती ठोकून सांगितल्यामुळे. तिचं रडू फुटायच्या बेतात होतं, पण रडण्याआधी काम, ही तिची सवय. तिने पर्समधून पार्सलची एक चिठ्ठी काढली, तिच्यावर घाईने चिऊचं नाव लिहिलं, ती गळ्यात अडकवायला होडीवरच्या दोराचा एक तुकडा तोडला आणि रांगेकडे निघाली. एवढ्यात बाई आडव्या आल्या. त्यांनी चादरीतून डोकावणारं शीड खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"ही नौका कोणाची?" बाईंनी विचारलं.

नौका. म्हणजे बाईंना होडी हवी असती, तर त्यांनी 'नाव' लिहिलंच नसतं. आईला खाली बसावंसं वाटलं. तिने अडखळत सगळं सांगितलं: डाग, वेलांटी, सगळं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी समजावलं की आजचे पाहुणे मुलांना ओळखत नाहीत, त्यांना प्रत्येक मुलाला नावाने हाक मारून बक्षिसाचं पुस्तक द्यायचं आहे, म्हणून या पाट्या. आता वेळ नाही, पालकांनी मागे बसावं. चिठ्ठी आईच्या हातातच राहिली. गाणं मात्र सुरू व्हायचं होतं, आणि इतकी देखणी नौका दाराशी ठेवण्यात अर्थ नाही असं ठरवून बाईंनीच तिची चादर सोडवून ती मुलांच्या पुढ्यात नेऊन लावली. सभागृहातून कौतुकाची एक कुजबुज उठली. टिंगल करायला टपलेला मुलगाही बघत राहावा अशी ती होडी दिसत होती, आणि ती आडवी लावली होती म्हणून मागच्या रांगेत बसलेल्या आईला तिची एकच बाजू दिसत होती.

गाणं झालं. पाहुणे म्हणजे गावातल्या वाचनालयाचे जुने ग्रंथपाल होते, जाड भिंगांचा चष्मा लावणारे, मऊ आवाजाचे. ते एकेक पाटी वाचत, ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारत, पुस्तक देत, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत: सुट्टीत काय करणार? कोणी मामाकडे जाणार होतं, कोणी पोहायला शिकणार होतं, जुळी मुलं भांडणार होती. रांग पुढे सरकत होती आणि आई चिठ्ठीची घडी घालत आणि उलगडत होती.

शेवटी चिऊ उरली. ती मंचापर्यंत गेली, पण पायरी चढली नाही. होडीच्या दोरीला धरून खालीच उभी राहिली. पाहुण्यांनी तिच्या गळ्याकडे पाहिलं, तिथे काही नव्हतं. मग त्यांनी होडीकडे पाहिलं, चष्मा सावरला, मंचाच्या कडेला येऊन वाकले आणि होडीच्या मंचाकडच्या बाजूवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं नाव मोठ्याने वाचलं.

ते चिऊचं नाव नव्हतं. ते आईचं होतं, आडनावासकट.

या नावाची मुलगी कोण, म्हणून सगळे इकडेतिकडे बघू लागले. शाळेत हे नाव कोणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. शाळेत ती चिऊची आई होती, कचेरीत बुकिंगवाल्या ताई, घरात 'अगं'. तिला स्वतःलाही आधी वाटलं की कोणा दुसरीला बोलावतायत. पाहुण्यांनी नाव पुन्हा पुकारलं. तेव्हा चिऊ दोन रांगांमधून पळत आली आणि तिने आईचा हात धरून ओढला.

"चल ना, तुला बोलावतायत."

"अगं, माझं नाव कशाला लिहिलंस?"

"बाबांनी विचारलं, होडीला कोणाचं नाव द्यायचं. होडी तूच तर सगळ्यांकडून करून घेतलीस."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे बघत होते आणि आजी पदराने चष्मा पुसत होत्या, तो स्वच्छ असूनही. आई उठली. पायरीवर तिचा पाय जरा अडखळला, पण चिऊने हात घट्ट धरला होता. पाहुण्यांच्या लक्षात सारा प्रकार यायला थोडा वेळ लागला, आणि आला तेव्हा ते मनापासून हसले. त्यांनी पुस्तक चिऊच्या हातात ठेवलं आणि तिचं नाव विचारलं. शाळेत कधी मान वर न करणाऱ्या चिऊने ध्वनिक्षेपकात ते इतक्या जोरात सांगितलं की बाहेर चौकीदाराने वळून पाहिलं.

चाळीस मुलांना विचारून विचारून पाहुण्यांच्या जिभेला वळण पडलं होतं. ध्वनिक्षेपक त्यांनी तसाच आईपुढे धरला.

"आणि तुम्ही सुट्टीत काय करणार?"

सगळं सभागृह बघत होतं. आईच्या डोळ्यांपुढून बिनचाकांची बॅग गेली, बिनपडद्याची खिडकी गेली, आणि साडेसातची शनिवारची गाडी गेली. काहीतरी शोभेसं बोलावं, असं तिला फार वाटलं.

"झोपणार," ती म्हणाली.

टाळ्या आधी मागच्या रांगांतून आल्या. तिथे सगळ्या आया बसल्या होत्या. जुळ्यांची आई तर उभी राहून वाजवत होती, आणि बाईंनी दोनदा घंटा दिली तरी त्या थांबल्या नाहीत.